अच्युतन माश आणि मोयदूट्टीचा आवाज

अच्युतन माशांना आपल्या कॉम्प्युटरचं एका गोष्टीसाठी फार कौतुक होतं. तो विचारत नसे. बाकीच्यांचे कॉम्प्युटर म्हणजे घाबरट कारकून, असं ते म्हणायचे. काही पुसायला जा, लगेच ‘खरंच पुसू का?’ हो म्हटलं, तर ‘नक्की ना?’ माशांचा कॉम्प्युटर मात्र काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला हुकूम मुकाट पाळायचा. हुकमाच्या आधी ‘सुडो’ एवढा शब्द लिहायचा. त्याचा अर्थ, मी मालक म्हणून सांगतोय. मग पासवर्ड टाकायचा. त्यानंतर मालकाला उलट प्रश्न करायची त्याची शामत नव्हती. या न विचारण्यानेच माशांचा घात केला, आणि त्यांच्याबरोबर एका म्हातारीचाही.

मी मल्याळी मुलखातल्या तिरूरचा. म्हणजे जन्माने खानापूर तालुक्यातला, पण सोनं गाळायचा आमचा धंदा आमच्या माणसांना साऱ्या मुलखात घेऊन जातो, तसा मला इथे घेऊन आला आणि मी इथलाच झालो. सोनारबाजाराच्या मागे माझी भट्टी, आणि भट्टीच्या मागच्या बोळात माशांचं घर. इथे सगळे मला सेट्टू म्हणतात. शेठाचं म्हणावं असं माझ्याकडे काहीही नाही. माझी दोन्ही पोरं माशांकडे गणित शिकली, आणि सेट्टूचं मल्याळम त्याच्या पोरांपेक्षा कच्चं आहे हे माशांनी इतक्या वेळा चारचौघांत सांगितलंय की आता मी चिडायचंही सोडलंय.

माश म्हणजे मास्तर. हायस्कुलात गणित शिकवून केस पांढरे झाल्यावर एका सुट्टीत सरकारने सगळ्या शिक्षकांना कॉम्प्युटर शिकायला बसवलं. बाकीचे मास्तर चहा आणि परिप्पुवड्यापुरते गेले. हा माणूस झपाटून परत आला. लोक टीव्ही ठेवतात त्या जागी, पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर आला. शाळेतले कॉम्प्युटर ज्या फुकटच्या, सगळ्यांना मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात, तीच व्यवस्था माशांनी घरच्या कॉम्प्युटरवर चढवली. मग बोळातल्या घरोघरी जाऊन ते दुसऱ्यांच्या यंत्रांचाही उद्धार करू लागले. माझ्या दुकानातल्याचा केला. त्यानंतर माझा प्रिंटर कितीतरी दिवस मुका होता, पण ते असो. मुंडू, म्हणजे इथली पांढरी लुंगी, गुडघ्यावर दुमडून, दोन बोटांनी टकटक करत ते बसायचे आणि म्हणायचे, “उंदराने बोट दाखवतात ती लहान पोरं, सेट्टू. मोठ्या माणसाने बोलावं.”

त्यांची बायको, देवकी टीचर, त्याच शाळेत मल्याळम शिकवायच्या. त्या माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, “लग्नात यांनी माझ्या गळ्यात ताली बांधली. पासवर्ड मात्र अजून दिलेला नाही.”

“तुला काय हवं ते सांग ना, मी टाकून देतो,” माश म्हणाले.

“मला पासवर्ड हवाय.”

“तो सोडून.”

टीचर हसल्या. पण त्या हसण्यात थोडी धार होती, ती माशांना ऐकू आली नाही. मालकी एकाकडेच असावी, दोघांकडे गेली की घोटाळे होतात, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. तत्त्वज्ञान सांगायला माश पहिल्यापासून पुढे.

आता कदीशुम्मा. बोळाच्या टोकाला, नदीकडच्या उतारावर तिचं घर. नवरा मोयदूट्टी लग्नानंतर वर्षाच्या आत शारजाला गेला. त्याला लिहिता येईना, हिला वाचता येईना. तेव्हा इथल्या सगळ्या घरांत व्हायचं तेच या घरातही झालं. तो टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलायचा, आणि गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी पेटीतून कॅसेट यायची. ही दार लावून ऐकायची, दार लावून उत्तर भरायची, आणि परत जाणाऱ्याच्या हातात द्यायची. कुणाच्या घरी कॅसेट आली की शेजारच्या बायका मुद्दाम परसात निघून जात, न सांगता. नवऱ्याने बायकोशी बोललेलं दुसऱ्याने ऐकू नये. तो दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा, मुलगी झाली, आणि मग एके दिवशी शारजालाच छातीत कळ येऊन गेला. तिकडेच पुरला. कदीशुम्माने त्याची कबर पाहिलेली नाही. तिच्याकडे राहिल्या त्या कॅसेटी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

तो डबा घेऊन ती माशांकडे आली, तेव्हा टेपरेकॉर्डर मिळेनासे झाले होते आणि फितींवर बुरशी धरू लागली होती. माशांनी कुठूनतरी जुना टेपरेकॉर्डर पैदा केला, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली, आणि एकेक कॅसेट आत भरून घेतली. स्पीकर मात्र त्यांनी आधीच काढून कपाटात ठेवला होता. परसात निघून जाणाऱ्या बायकांच्याच गावचे ना ते. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ वरखाली नाचताना नुसती बघायची, आणि टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर आलं की बाजू पलटायची. अख्खा मोयदूट्टी असा माशांच्या डोळ्यांसमोरून गेला, आणि त्याचा एक शब्दही त्यांनी ऐकला नाही. सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलं, कारण घरच्या कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना.

मग पुराचं साल आलं. नदी कदीशुम्माच्या खिडकीपर्यंत चढली. पाणी उतरल्यावर डबा सापडला, पण आत चिखल आणि चिखलात गुंडाळलेल्या तपकिरी फिती. ती तो डबा तसाच घेऊन माशांच्या पायरीवर आली. माशांनी माळ्यावरून डिस्क आणली आणि तिच्या हातावर ठेवली.

“सगळा इथे आहे, उम्मा,” ते म्हणाले. “सुखरूप.”

तिने डिस्क डोळ्यांना लावली आणि परत दिली. “तुमच्याकडेच राहू दे. तुमच्या माळ्यावर पाणी चढत नाही.”

तेव्हापासून ती अधूनमधून दुपारची यायची. कानाला हेडफोन लावून माशांच्या खुर्चीत बसायची, आणि माश तेवढा वेळ पडवीत पेपर वाचायचे. एकच वस्तू एकाच जागी असेल तर ती नसल्यातच जमा, हे माश साऱ्या गावाला शिकवत फिरायचे. डिस्कची दुसरी नक्कल करू करू म्हणत त्यांनी स्वतः केली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

शेवटी कदीशुम्माची मुलगी रसीना दोह्याहून सुट्टीवर आली आणि म्हणाली, “माश, उप्पाचा आवाज मलाही द्या. मी जाईन तेव्हा बरोबर नेते.” उप्पा म्हणजे बाप, उम्मा म्हणजे आई. माश म्हणाले, लगेच देतो. आणि खरोखरच सकाळी उठून त्यांनी माळ्यावरची डिस्क उतरवली आणि कॉम्प्युटरला जोडली.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते. बोळातल्या पोरांना घरच्या कॉम्प्युटरवर शाळेची व्यवस्था टाकून हवी, म्हणून माश त्या आठवड्यात पेनड्राइव्ह तयार करत होते. एक लावायचा, हुकूम द्यायचा, काढायचा, दुसरा लावायचा. हुकूम दर वेळी तोच. वर जाणाऱ्या बाणाचं बटण दाबलं की मागचा हुकूम आपोआप पडद्यावर येतो, मग एन्टर, मग पासवर्ड. हुकमात एवढंच असतं की हे उचल आणि त्या जागेवर ओत. ज्या जागेवर ओतायचं तिथे आधी काय आहे हे यंत्र बघत नाही. जागेचं नाव तीन अक्षरांचं असतं, आणि त्यातलं शेवटचं अक्षर यंत्रच ठरवतं. जे आधी लावलेलं दिसेल त्याला ‘बी’, नंतरच्याला ‘सी’.

त्या सकाळी करंट गेला आणि कॉम्प्युटर बंद पडला. करंट आला तेव्हा कदीशुम्माची डिस्क जोडलेलीच होती, त्यामुळे ‘बी’ ती झाली. पेनड्राइव्ह झाला ‘सी’. माशांनी बाण दाबला. कालचा हुकूम आला, कालच्या ‘बी’ या नावासकट. एन्टर. पासवर्ड. आणि टीचरनी हाक मारली म्हणून ते पुट्टू खायला आत गेले.

मी तेव्हा माझ्या पेनड्राइव्हसाठी त्यांच्या पडवीत बसलो होतो, म्हणून पुढचं मी पाहिलं. ते तोंड पुसत बाहेर आले, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. पेनड्राइव्हचा दिवा विझलेला होता. डिस्कचा दिवा लुकलुकत होता.

“ओतलं,” ते म्हणाले.

“काय?”

त्यांनी डिस्कची वायर हिसकून काढली. मग वायर हातात धरूनच ते जमिनीवर बसले. सत्तरीतला माणूस, जमिनीवर. मला वाटलं त्यांना काही झालं, म्हणून मी टीचरना हाक मारली. टीचर आल्या तेव्हा माश त्यांच्याकडे बघून म्हणाले, “देवकी, मी मोयदूट्टीवर शाळेचं सामान ओतलं.”

सोनं गाळणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुशीत बांगडी टाकली की बांगडी गेली. पण माश बरं वाटावं म्हणून स्वतःलाच समजावत बसले. सगळी डिस्क नाही गेली. ओतणं मध्येच थांबलं. सुरुवातीचा भाग गेला, मागचा शाबूत असणार, फक्त कुठल्या खोलीत कोण बसलंय ते सांगणाऱ्या पाट्या पुसल्या गेल्यात. शोधणारी साधनं असतात. सापडेल. “सापडेल,” असं ते इतक्या वेळा म्हणाले की टीचर म्हणाल्या, “मग शोधा ना. बसलात काय?”

“आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची,” माश म्हणाले. “मूळ डिस्कला पुन्हा हात लावायचा नाही. नकलेत शोधायचं.”

“मग करा.”

“त्याच हुकमाने करावी लागते.”

मी बाजारातून नवी, मोठी डिस्क आणून दिली. ती आणि जुनी शेजारी शेजारी लावली, आणि माशांनी हुकूम लिहिला. यातून उचल, त्यात ओत. दोन नावं. उलटी पडली, तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा मोयदूट्टीवर ओतला जाणार, आणि मग शोधायलाही काही उरणार नाही. माशांनी नावं तपासली. परत तपासली. सगळं पुसून पुन्हा लिहिलं. त्यांचा हात एन्टरपर्यंत जायचा आणि मुंडूवर येऊन पडायचा. दुपारची उन्हं पडवीतून आत आली तरी ते तिथेच होते.

“सेट्टू, तू वाच. उचलायचं कुठून?”

“बी.”

“बी म्हणजे किती मोठी लिहिलीय वर?”

“लहान. जुनी.”

“ओतायचं कुठे?”

“सी. मोठी. नवी.”

“परत वाच.”

मी परत वाचलं. मी ना धड मल्याळम जाणणारा, ना हे, आणि एका मेलेल्या माणसाचा आवाज माझ्या दोन अक्षरांवर टांगलेला. मला माशांचा भयंकर राग आला. येऊन जाऊन माझ्याच गळ्यात का?

माशांनी पासवर्ड टाकायला घेतला आणि चुकला. परत टाकला, परत चुकला. ज्या माणसाची बोटं तो शब्द झोपेत लिहायची, त्याला तो येईना. मग ते खुर्चीवरून उठले.

“देवकी, तू बस.”

“मी?”

“मी सांगतो ते टाइप कर.” आणि त्यांनी पासवर्ड सांगितला. माझ्यादेखत, मोठ्याने, एकेक अक्षर. इतकी वर्षं बायकोला न दिलेली वस्तू त्यांनी ओझं टाकावं तशी टाकून दिली. मी तो शब्द सांगणार नाही. देवकी टीचरचं माहेरचं घरनाव होतं, एवढं सांगतो.

टीचरच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. त्या टाइप करू लागल्या. “काहीच उमटत नाही,” त्या म्हणाल्या.

“उमटत नाही. तसंच असतं. लिहीत राहा.”

त्यांनी एन्टर दाबलं तेव्हा माश तोंड भिंतीकडे करून उभे होते.

नावं बरोबर होती. नक्कल झाली. मग माशांनी शोधायचं साधन लावलं, आणि एकेक तुकडा वर येऊ लागला. पण कुठल्याही तुकड्याला नाव नाही, नुसते यंत्राने दिलेले लांबलचक आकडे. काही उघडत होते, काही अर्धवट, काही निव्वळ खरखर असणार. असणार म्हणतो, कारण माशांनी एकही ऐकला नाही. स्पीकर अजून कपाटातच.

“ऐका ना एकदा,” मी म्हटलं. “काय वाचलं आणि काय गेलं ते तरी कळेल.”

“त्याने बायकोला पाठवलेलं आहे ते.”

“माश, अख्खा माणूस पुसलात तेव्हा हात थरथरला नाही, आणि आता ऐकायची लाज?”

हे मी बोललो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. माशांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ज्या माणसाने माझ्या पोरांचे कान पिळले, माझ्या व्याकरणाची टिंगल केली, त्याने मान खाली घातलेली बघणं हीसुद्धा एक शिक्षाच होती.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मोयदूट्टीचा आवाज कुणी ऐकायचा, तर फक्त कदीशुम्माने. कदीशुम्माने ऐकायचा, तर तिला सांगायला हवं. आणि माशांच्या तोंडून ते निघेना. दुपारी ती आली की टीचर दारातच सांगायच्या, कॉम्प्युटर बिघडलाय. माश आतल्या खोलीत पडून असायचे. जेवण सुटलं. मत्ती मासळीचं कालवण समोर ठेवलं तरी नुसता भात चिवडायचे. आणि भर दिवसा, पुढच्या खोलीची कडी लावून, ते पुन्हा पुन्हा तेच शोधत बसायचे. एक साधन झालं की दुसरं. ओतलेल्या जागेतून काही परत येत नाही हे त्यांना माझ्याहून पक्कं ठाऊक होतं. तरी शोधायचे.

“बैल गेला आणि झोपा केला,” मी टीचरना आमच्या भाषेत म्हटलं आणि अर्थ सांगितला.

“गोठ्याचं दार तरी लावतायत का,” टीचर म्हणाल्या. “हे तर रिकाम्या गोठ्यात बैल चाचपतायत.”

एकदा कदीशुम्माने मला भट्टीच्या दाराशी गाठलं. “सेट्टू, तू सांग. माशांचं यंत्र बिघडलंय ना? माझ्या मोयदूट्टीला काही झालेलं नाही ना?”

मी सांगायला हवं होतं की मला माहीत नाही. मी म्हटलं, “उम्मा, माशांनाच विचार.” ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, आणि तिथूनच माशांच्या घराकडे वळली. मी भट्टी तशीच टाकून मागोमाग गेलो.

ती या वेळी दारात थांबली नाही. रसीनासाठी केलेल्या पत्तिरींपैकी, म्हणजे तांदळाच्या पातळ भाकऱ्यांपैकी, चार टीचरच्या हातात दिल्या आणि सरळ आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. “माश, बाहेर या. परवा रसीना जातेय. तिला काय देऊ?”

माश बाहेर आले. मुंडू सरळ खाली सोडलेला, एखाद्या मोठ्या माणसासमोर सोडतात तसा.

“उम्मा,” ते म्हणाले, “माझ्या हातून मोयदूट्टी पुसला गेला.”

तिने खांब धरला. “सगळा?”

“सुरुवातीचा. किती ते मला सांगता येत नाही. बाकीचा आहे, पण त्यातलं काय कुठलं ते तुम्हालाच ओळखावं लागेल. मी ऐकलेलं नाही.”

मला वाटलं ती शाप देईल. माशांनाही तेच वाटलं असावं, कारण ते वाट बघत उभे राहिले. ती म्हणाली, “ती कानाला लावायची वस्तू कुठाय?”

ती कॉम्प्युटरपुढे बसली, आणि आम्ही तिघं पडवीत आलो आणि पुढच्या खोलीकडे पाठ करून बसलो. हेडफोन लावलेला माणूस ओरडून बोलतो, तशी ती आतून ओरडून सांगायची. “ही रसीना झाली तेव्हाची.” थोड्या वेळाने, “यात माझ्या सासूला शिव्या आहेत. बऱ्या आहेत.” टीचर तोंडावर हात ठेवून हसल्या. मध्येच ती स्वतः हसली, मोठ्याने, एकटीच. मग नाक ओढल्याचा आवाज. “ही पेरुन्नाळची. यात तो बकऱ्याबद्दलच बोलतो.” पेरुन्नाळ म्हणजे ईद. माश मुंडूच्या काठाचा दोरा उसवत बसले होते. एकेक सापडत गेली तसा त्यांच्या पाठीला थोडा ताठपणा येत होता. मलाही वाटायला लागलं की वाचलो.

मग तिने विचारलं, “तो कुठाय?”

माश आत गेले. आम्हीही गेलो.

“कोणता?” माश म्हणाले.

“मी तुम्हाला सगळ्यांत आधी दिलेल्या कॅसेटमधला.”

माशांनी खुर्चीची पाठ धरली. “उम्मा, सगळ्यांत आधी भरली ती डिस्कच्या सुरुवातीला होती. सुरुवातच गेली.”

“मी ती आधी दिली,” ती हळू म्हणाली, “कारण म्हटलं, पुढे पुढे तुमचं मशीन थकेल, फीत गुंडाळेल. नवं आहे तोवर ही होऊन जाऊ दे. बाकीच्या गेल्या तर गेल्या.”

मग माश घाईघाईने बोलायला लागले, आणि ते ऐकवेना. “उम्मा, त्यात काही फार नव्हतं. मी रेघ बघितलेली आहे. रेघ सपाट होती. कॅसेट कोरी असेल म्हणून मी तुम्हाला विचारलंसुद्धा होतं, तुम्ही म्हणालात असू द्या. जे थोडं बोललाय ते तुम्हाला आठवत असेल ना? तुम्ही सांगा. तुमच्याच आवाजात भरून घेतो. रसीनाला नेता येईल. आत्ता बसा, मी माइक लावतो.”

“शब्द मला सगळ्या कॅसेटींचे पाठ आहेत, माश,” ती म्हणाली. “सगळ्या पुसल्या असत्या तरी मी म्हणून दाखवलं असतं. सासूच्या शिव्यांसकट.”

“मग?”

“ती त्याने तिकडे गेल्यावर पाठवलेली पहिली. बटण दाबलं आणि त्याला बोलायला सुचेना. कदीशू म्हणाला, आणि बसला. बाजू संपेपर्यंत बसला. मध्येच खुर्ची वाजते. बाहेर गाडी जाते. श्वास ऐकू येतो. बस्स. तो गेल्यावर किती वर्षं मी तीच लावून झोपायचे. खोलीत कोणीतरी आहे असं वाटायचं.” तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “तो नुसता बसलेला कसा म्हणून दाखवू, माश?”

माश माइक शोधायला वाकले होते. ते तिथेच स्टुलावर बसले. तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. टीचर कट्टन चाय घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. बाहेरून एक रिक्षा गेली. माशांचं स्टूल करकरलं.

कदीशुम्मा त्यांच्याकडे बघत होती. तिने डोळे मिटले.

“असाच,” ती म्हणाली. “असाच बसला होता. उठू नका.”